मालदांडीचे शिवार, खळ्यातला वाटा आणि उश्रचा हिशोब

उत्तरा नक्षत्राचा पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला की मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात पाभरी चालू लागतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरली जाते. त्यानंतर बहुतेक शेतात पाण्याचा एक थेंबही द्यावा लागत नाही. पावसाळ्यात मातीने पोटात धरून ठेवलेली ओल आणि थंडीतले दव यांच्या आधारावर पीक वाढते, हुरड्यावर येते आणि फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला येते. दाणा मोत्यासारखा पांढरा, गोल आणि टपोरा, भाकरी मऊ आणि चवीला गोड, कडबा जनावरांना आवडणारा. या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूर, पंढरपूर, सांगोला भागात असे मुस्लिम घर क्वचितच सापडेल, जिथल्या तव्यावर ही ज्वारी भाजली गेली नाही.

विज्ञानाने शेती बदलली, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. पण काय बदलले, काय बदलले नाही आणि त्या बदलात आपल्यावरची कोणती जबाबदारी वाढली, हे समजायचे तर एखादे गाव, एखादे पीक धरून पाहावे लागते. या महिन्यात आम्ही मंगळवेढ्याची ज्वारी धरली आहे.

खळे आणि पेव

जुन्या शेतीची अवजारे मोजकी होती. लाकडी नांगर, कुळव, पाभर, कोळपे. विहिरीवर चामड्याची मोट आणि ती ओढणारे बैल. ज्वारी काढणीला आली की ती हाताने उपटायची, कणसे खुडायची, शेण-मातीने सारवलेल्या खळ्यात टाकायची. मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात धरायची. मग वारा पाहून उफणणी, आणि शेवटी रास.

खळे ही नुसती मळणीची जागा नव्हती. गावाचा वाटा तिथे ठरत असे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी या बलुतेदारांना धान्य राशीवरूनच मिळे. दख्खनच्या अनेक गावांत मुलाणी हाही बलुतेदारांपैकी एक होता. म्हणजे आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल स्वतःच्या शेतावर नव्हे, तर दुसऱ्याच्या खळ्यावर पेटत होती. बलुत्यात आधार होता, तसा अपमानही होता. कोणी पुढे यायचे, कोणी लांब उभे राहायचे, हे जातीवरून ठरत होते. ती पद्धत गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्याबरोबर आणखी काय गेले, ते पुढे पाहू.

रास घरी आली की वर्षाची बेगमी पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असे धान्याचे कोठार. आतून काडाचा थर देऊन ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे. आत हवा शिरत नाही. आतला प्राणवायू संपतो. किडीला जगता येत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबत. हवाबंद पिशव्यांतून धान्य साठवण्याची जी पद्धत आज नवे तंत्रज्ञान म्हणून सांगितली जाते, तिचे तत्त्व हेच आहे.

साठवणीचा विषय निघाला की कुरआनातील सूरह यूसुफची आठवण होते. हजरत यूसुफ (अ.) यांनी राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना सात वर्षे नेटाने पेरा, खाण्यापुरते काढा आणि बाकीचे धान्य कणसातच राहू द्या असा सल्ला दिला. कणसातला दाणा अधिक टिकतो, हे शेतकरी जाणतो. एका पैगंबराने दुष्काळाला दिलेले उत्तर होते पेरणी, साठवण आणि वाटपाची शिस्त. मंगळवेढ्यालाही दुष्काळाची अशीच एक आठवण आहे. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात इथे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. पुढची कथा ज्याच्या त्याच्या श्रद्धेची. पण भरलेले कोठार आणि उपाशी माणूस समोरासमोर आले तर कोणाची बाजू घ्यायची, याबद्दल या मातीचा निर्णय स्पष्ट आहे.

विज्ञान आले ते मातीला विचारत

१९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. त्या वेळी शेतकऱ्यांना भीती होती की लोखंडाने जमिनीत विष उतरेल. ही भीती जायला काही हंगाम लागले. काळ्या जमिनीत खोलवर मुळ्या सोडणारा कुंदा आणि हराळी लाकडी नांगराला दाद देत नव्हती, ती लोखंडी नांगराने निघू लागली. तेव्हा पटवून सांगण्याची गरजच उरली नाही.

दुसरा बदल गाजावाजा न होता झाला. कमी पावसाच्या प्रदेशातील शेतीच्या अभ्यासासाठी १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर इथे कोरडवाहू संशोधन केंद्रे सुरू झाली. या कामात ना. वि. कानिटकर यांचे नाव मोठे आहे. तिथे शोध लागला तो पाणी आणण्याचा नव्हे, तर पडलेला पाऊस जागीच ठेवण्याचा. बांधबंदिस्ती करा, उताराला आडवी मशागत करा, बी कमी वापरा, ओळींत अंतर ठेवा आणि पुन्हा पुन्हा कोळपा. काळी माती सुकली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत केला की भेगा बुजतात. म्हणून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी, आठव्या आठवड्यातली दातेरी कोळप्याने करावी, अशी शिफारस आजही केली जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी उगाच म्हणत नाहीत.

त्याच दशकात शेजारच्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार झाला. बी परदेशातून आले नव्हते. शेतकऱ्याच्याच शेतातली चांगली कणसे निवडून, वेगळी लावून, पुन्हा पारखून तो वाण सिद्ध झाला. १९६४ मध्ये देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. खरिपाची ज्वारी त्याने बदलून टाकली आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेडोपाडी पोचला. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशी मिलोवर दिवस काढलेल्या पिढीला या वाढीव धान्याची किंमत ठाऊक आहे. परंतु रब्बीच्या शिवारातून मालदांडीला संकरित वाणाने हलवले नाही. कमी ओलीत तग धरणे, भाकरीची चव, कडब्याचा दर्जा या तिन्ही गोष्टी एकत्र देणे सोपे नव्हते. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमीन पाहून वाण दिले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि फुले माउली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा आणि फुले यशोदा. जवळजवळ नव्वद वर्षांची मालदांडीही अजून त्यांच्या पंक्तीत आहे.

इथे सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आठवतो. मदीनेत लोक खजुरीच्या नर फुलातील पराग मादी फुलावर घालत असत. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याबद्दल आपला एक अंदाज बोलून दाखवला, लोकांनी ते काम सोडले आणि त्या वर्षी फळ कमी आले. तेव्हा आपल्या दुनियेच्या अशा कामांची माहिती तुम्हालाच अधिक आहे, अशा अर्थाचे आप (स.) बोलले. शेतीच्या तंत्राचा मार्ग यामुळे आपल्यासाठी मोकळा झाला. कोणते बी, कोणते कोळपे, कोणते खत, हे अनुभवाने आणि प्रयोगाने ठरवायचे. ‘आमच्या वाडवडिलांनी असे केले नाही’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. पण पिकलेले कोणाचे, पाणी कोणाचे, वाटा कोणाचा, हे प्रश्न तंत्राचे नाहीत. त्यांची उत्तरे दीनने दिलेली आहेत.

पाणी वर आले, आणि खालीही गेले

मोट गेली, तेलावरचे इंजिन आले, मग विजेची मोटार आली. भीमेवरचे उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले. तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, हातात रोख पैसा आला. मुलांची शिक्षणे त्यावर झाली, हे नाकारता येणार नाही. तालुक्याचा दक्षिण भाग मात्र तहानलेलाच राहिला. त्या गावांनी उपसा सिंचनासाठी वर्षानुवर्षे मागणी केली, आंदोलने केली. एकाच तालुक्यात एकीकडे उसात पाणी साठलेले आणि दुसरीकडे टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी, असे चित्र लोकांनी पाहिले आहे.

जिथे कालवा नाही तिथे बोअर आला. १९७२ च्या दुष्काळानंतर खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. ती तहान भागवायला आली होती. नंतर ती बागांसाठी आणि उसासाठी चालू लागली. आपल्या पायाखालचा बेसाल्ट हा काही पाण्याचा हौद नव्हे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठते, तेही पावसाने मुरवले तेवढेच. एकाने दोनशे फूट खणले, शेजाऱ्याने चारशे, तिसऱ्याने सहाशे. पाणी वाढले नाही, त्याचा मालक बदलला. ज्याच्याकडे कर्ज काढण्याची ऐपत कमी, त्याची विहीर आधी आटली. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर निर्बंध घातले आहेत. किती गावांत ते कोणाला माहीत आहेत?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी म्हणजे पुढच्या औरंगाबाद शहरासाठी नहर बांधली. जमिनीखालच्या नळातून पाणी उताराने वाहत येई. डोंगराने दिले तेवढेच पाणी शहराला मिळे; ओढून काढण्याची सोय नव्हती. आजच्या पंपाला अशी मर्यादा नाही. म्हणून मर्यादा माणसाने स्वतः घालून घ्यायला हवी. पाणी, चारा आणि आग यांत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त असलेले पाणी अडवून ठेवू नये, अशी ताकीद बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. चौदा शतकांपूर्वीच्या वाळवंटात हे सांगितले गेले. बोअरची परवानगी मागताना, नवा पंप बसवताना आणि शेजारच्या विधवेच्या विहिरीपासून किती अंतरावर खणायचे हे ठरवताना, ते आजही आपल्यालाच लागू आहे.

सरवा कुठे गेला?

मळणीयंत्र आले आणि खळे संपले. आठ-दहा दिवसांचे काम काही तासांवर आले. धुळीत राबणाऱ्या बायामाणसांचे कष्ट वाचले, अवकाळी पावसात रास भिजण्याची धास्ती कमी झाली. यंत्राच्या दारातून पोती थेट टेम्पोत आणि टेम्पो थेट बाजार समितीत. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून अनेकांनी ज्वारीच सोडली. हे सगळे समजण्यासारखे आहे.

पण आधी काढणीनंतर रानात पडलेली कणसे वेचायला गावातल्या गरीब बायका येत. त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचणारीला कोणी हटकत नसे. खळ्यावर आलेला फकीर रिकाम्या झोळीने जात नसे. यंत्राने हे कोणाला विचारून बंद केले नाही. खळेच उरले नाही, त्यामुळे त्याच्या कडेला उभे राहण्याची जागाही गेली.

सूरह अल्-कलममध्ये बागेच्या मालकांची गोष्ट आहे. गरिबांना सुगावा लागू नये म्हणून भल्या पहाटेच फळे तोडून आणायची, असे त्यांनी ठरवले. एकमेकांशी कुजबुजत ते बागेत पोचले, तर रात्रीतच बाग उजाड झाली होती. त्यांना गरिबांपासून लपण्यासाठी पहाटेचा अंधार शोधावा लागला. आज यंत्रामुळे ते आपोआपच साधते. कोणाला हाकलावे लागत नाही, कोणाला नाही म्हणावे लागत नाही. म्हणूनच धोका मोठा आहे. मनात वाईट हेतू नसतानाही आपण त्याच बागवाल्यांच्या रांगेत जाऊन बसू शकतो.

उश्र : दान नव्हे, हक्क

बलुते गेले, सरवा गेला, पण अल्लाहने ठरवून दिलेला वाटा कुठेच गेलेला नाही. सूरह अल्-अन्आममध्ये पिकाचा हक्क काढणीच्या दिवशीच देण्याची आज्ञा आहे. शेतीच्या उत्पन्नावरची ही जकात म्हणजेच उश्र. आपल्याकडे रमजानमध्ये सोने आणि रोख रकमेची जकात पैन् पै मोजणारी घरे पुष्कळ आहेत. पण पोती बाजाराला निघताना उश्र आठवणारी घरे कमी आहेत.

त्याचा नियम सोपा आहे आणि शेतीच्या तंत्राचा त्यात विचार केलेला आहे. पावसावर किंवा नैसर्गिक ओलीवर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. कष्टाने किंवा खर्चाने पाणी देऊन आलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. बुखारीतील हदीसमध्ये हा फरक स्पष्ट आहे. म्हणजे कोरडवाहू मालदांडी वीस क्विंटल झाली तर दोन क्विंटल, आणि पंपाने पाणी देऊन तेवढीच झाली तर एक क्विंटल. ज्याने पाण्यासाठी खर्च केला त्याचे ओझे हलके केले. ज्याचे पीक फक्त अल्लाहच्या पावसावर आले, त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली.

किती उत्पन्नावर उश्र लागू होतो? इमाम अबू हनीफा यांच्या मते थोड्या-फार सर्वच उत्पन्नावर. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, तसेच इतर अनेक इमामांच्या मते पाच वसक झाल्यावर. पाच वसक म्हणजे प्रचलित हिशोबाने साडेसहा क्विंटलच्या आसपास. खत, औषध, मळणीयंत्राचे भाडे, पीककर्ज हे वजा करायचे की नाही, थोडे पाणी पावसाचे आणि थोडे बोअरचे असेल तर काय, भारतातील जमिनींचे शरई स्वरूप कोणते, या मुद्द्यांवर उलमांमध्ये चर्चा आणि मतभेद आहेत. ज्या आलिमांवर तुमचा भरवसा आहे त्यांना आपल्या शेताची खरी माहिती देऊन विचारा. मात्र मतभेदाच्या आडोशाने वाटाच बुडू देऊ नका.

सूरह अल्-मआरिजमध्ये संपत्तीतील गरजूंच्या वाट्याला ‘ठरलेला हक्क’ म्हटले आहे. बलुत्यात घेणाऱ्याला वाकावे लागत होते. हक्कात देणाऱ्याने वाकायचे असते. खळे गेल्यावर गरीब माणूस आपल्या दाराशी येणार नाही. आता आपल्याला त्याच्या दाराशी जावे लागेल.

घरात काय करता येईल

मळणी झाली की किती पोती भरली ते एका वहीत लिहा. बहुतेक घरांत हा हिशोब घरातल्या भगिनी अधिक नेटका ठेवतात. तो त्यांच्याकडे द्या. टेम्पो भरण्याआधी उश्रची पोती बाजूला काढा, कारण पैसे हातात आल्यावर देणी आठवतात आणि हक्क विसरतो. ते धान्य शक्यतो त्याच गावात, त्याच शिवारात राबलेल्या गरजू घरांपर्यंत पोचवा. उश्र कोणाला द्यायचा याचे नियमही आलिमांकडून समजून घ्या. मजुरी मात्र मजुरीच्या जागी पूर्ण द्या. उश्र हा तिचा पर्याय नाही. कणसे वेचू द्यायला मात्र कोणतीही मोजणी लागत नाही. काढणी झाल्यावर दोन दिवस जनावरे सोडू नका, एवढे पुरे.

आणि शेतात विज्ञान मनापासून वापरा. माती तपासून घ्या, जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडा, जुलैतच सपाट वाफे करून पाऊस जागीच मुरवा, तिन्ही कोळपण्या चुकवू नका, पाणी असेल तर ठिबक बसवा. अमानत राखणे म्हणजे तिची नीट देखभाल करणे. सूरह अल्-वाकिआमध्ये अल्लाह विचारतो की तुम्ही पेरता ते खरे, पण उगवतो कोण? ट्रॅक्टर, वाण आणि पंप यांनी पेरणीचे आपले काम हलके केले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र बदलले नाही.

जो मुसलमान झाड लावतो किंवा शेत पेरतो आणि त्यातून पक्षी, माणूस किंवा जनावर खाते, त्याच्यासाठी ते दान ठरते, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. यंदा मंगळवेढ्याच्या शिवारात हुरडा भरेल तेव्हा पाखरांचे थवे उतरतीलच. त्यांना हाकला, पीक राखा. तरीही त्यांनी नेलेले चार दाणे तुमच्या खात्यावर जमा आहेत. पाखरे आपला वाटा न विचारता घेतात. माणसाचा वाटा आपल्याला मोजून द्यावा लागतो.